आजोबा, दहा पावलं पुढे

मनमाड,
३ जानेवारी २००५

चि. सौ. छायास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

रेवा नऊ वर्षांची झाली तरी तुम्ही नवरा-बायको तिला शाळेत न घालता घरीच शिकवता. लोक मला विचारतात, नात नापास झाली का? नापास व्हायला आधी शाळेत जावं लागतं, हे कुणाकुणाला सांगू? रविवारी इथल्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन येतो, सही करून दे. जूनपासून ती माझ्याजवळ राहील.

दर रविवारी तुमच्या गच्चीवर अशाच पाच घरची मुलं जमून कागदकाम, विज्ञान, कॉम्प्युटर करतात म्हणे. तोही तमाशा बघतो.

जावईबापूंना आशीर्वाद, रेवाला पापा.
आप्पा


गंगापूर रोड, नाशिक,
१० जानेवारी २००५

ती. आप्पांस,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही न जेवता गेलात, मला घास उतरला नाही. पोरांच्या मनात वाईट नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन चालवायचं आणि चौकोन काढायचा होता, तो जमेना. म्हणून रेवाची मैत्रीण अफिफा म्हणाली, खऱ्या माणसाला चालवून बघू. तुम्ही हौसेने उभे राहिलात. रेवाने दहा पावलं पुढे म्हटलं आणि सहाव्या पावलाला तुमचा पाय पतंगांसाठी केलेल्या खळीच्या पातेल्यात! तरी तुम्ही चालतच राहिलात. सगळे पतंगाचे कागद धोतराला चिकटले. थांबायचं ना, आप्पा! मुलं हसली, मीही हसले. चुकलंच माझं.

अर्ज इथेच आहे. सही करायला हात होत नाही. रेवा म्हणते, आजोबा रागावले असतील तर मी जाते मनमाडला. काय करू?

चार ओळी लवकर टाका, जीव टांगणीला आहे.
तुमची छाया


मनमाड,
१४ जानेवारी २००५

चि. सौ. छायास,
अनेक आशीर्वाद.

अर्ज फाडून टाक. रागावलो नव्हतो. डोळे भरून आले, ते पोरांना दिसू नयेत म्हणून निघालो. गाडीत एकाने विचारलं, वरातीतून आलात का?

थांबलो नाही, कारण थांबायचा हुकूम नव्हता. चौतीस वर्षं रेल्वेत रुळांचे सांधे बदलले. हुकूम मुकाट्याने पाळायचा. तो चुकीचा निघाला तर बोलणी आपणच खायची, ही सवय. तुम्ही हसत होतात तेव्हा रेवा वहीत खाडाखोड करत होती. जवळ येऊन म्हणाली, आजोबा, तुम्ही बरोबर चाललात, चूक माझ्या हुकमात होती.

चौतीस वर्षांत एकाही साहेबाने मला असं म्हटलं नाही गं.

सोबत तिळगूळ. पोरांना वाटून उरला तर तुम्हाला.
आप्पा