टोपल्याखालचं पीठ

प्रिय ईश्वर,

पिंपळनेरहून तुझ्या मोठीमायचा आशीर्वाद. अक्षर लताबाईचं आहे, बोलणं माझं. तिची तीस वर्षं अंगणवाडीत गेली, म्हणून ती माझी अहिराणी सरळ करून लिहितेय; कुठे मी फार शहाणी वाटले तर दोष तिचा. फोनच केला असता, पण आठ दिवस झाले तू उचलत नाहीस. पत्राला बंद करता येत नाही, ते दारात येऊन पडतं.

धुळ्याला तुझी चित्रं लागली होती तेव्हा तू मला खुर्ची दिलीस, चहा दिलास आणि स्वतः लोकांत हरवलास. मी एकटी बसले, समोर तुझी पाखरं. जळगावला केळीच्या पेट्या भरणाऱ्या माझ्या नातवाने कुणी न शिकवता, पेट्यांच्याच पुठ्ठ्यांवर काढलेली. एका चष्मेवाल्या सरांना माझी दया आली. ते समजावू लागले, की आजी, हा मुलगा स्वप्नात बघतो ते उठल्याबरोबर काढतो, तोंड धुवत नाही, कुणाशी बोलत नाही, कारण बोललं की स्वप्न उडतं. आणि ह्या पाखरांच्या पायांना तीनच बोटं आहेत, मागचं बोट नाही, म्हणजे ती कुठे टेकूच शकत नाहीत, आत्म्यासारखी. मी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं म्हातारी रडतेय. मी हसत होते रे. का ते पुढे सांगते. मग तू मला शेवटच्या चित्रापाशी नेलंस आणि माझं हसू गेलं. सगळं पांढरं, आणि त्यात दाराएवढा एक हाताचा पंजा. तू म्हणालास, पाच महिने झाले, रोज हेच दिसतं, कुठून येतं कळत नाही, झोपायची भीती वाटते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय म्हणाले, तर रात्रीचं भरीत कमी खात जा.

तुझी माय नूतन गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. कपाशी वेचताना पान लागलं, साप डसला, जीप साक्रीला पोचायच्या आत सगळं संपलं. एवढं तुला माहीत आहे. तिला मधल्या घरात ठेवलं होतं. तिला नेल्यावर त्या जागी दिवा लावला, शेजारी ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर टोपलं पालथं घातलं, आपल्यात घालतात तसं. सकाळी पिठावर ज्याची खूण दिसेल त्या जन्माला माणूस गेलं, असं धरायचं. बाया आपसात बोलत होत्या, की नूतन आज येईल, पिठात पाऊल ठेवून जाईल. तू माझ्या मांडीवर होतास. दिवसभर एकच विचारत होतास, "मनी माय कठे गई?" बायांचं ते बोलणं ऐकलंस आणि गप्प झालास. पोर गप्प झालं की आपल्याला वाटतं, सुटलो. मलाही तसंच वाटलं.

उजाडताना टोपलं मी उचललं. ते आधीच जरा तिरकं झालेलं होतं. आत पिठात हाताचा पंजा उमटला होता. एवढासा, बोटं फाकलेली, कुणाचा तरी हात धरायला पुढे करावा तशी. मग तुझ्यापाशी आले, गोधडी बाजूला केली. तुझ्या तळहाताला पीठ, नखांत पीठ, आणि गालावरचं ओलं होऊन वाळलेलं.

तेवढ्यात अंगणात माझा दीर चुडामण भाऊबंदांना घेऊन आला. त्याने तो पंजा पाहिला असता तर माय पोराला न्यायला आली असं ठरलं असतं, आणि तुला भगताकडे नेऊन पोटावर तापल्या विळ्याने डागलं असतं. त्याने स्वतःच्या पोरीलाही डागून आणलं होतं. ती नंतर आठ दिवस जगली. मी पीठ सारखं केलं आणि बोटाने पाखराचा पाय काढला. घाईत तीनच बोटं काढली. जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण मागचं बोट काही आठवलं नाही. चुडामणने हात जोडले. बाया म्हणाल्या, पाखरू झाली, सुटली. तू त्या पायाकडे बघत राहिलास, आणि तुझ्या हाताचं काय झालं ते विचारलं नाहीस. पुढे किती वर्षं अंगणात दाणे टाकलेस, कोंबडीचा रस्सा तोंडाला लावला नाहीस. माझ्या आयुष्यातलं ते एकच चित्र, तेही चुकलेलं, आणि त्यावर तुझं नाव झालं. ते कसं मोडायचं म्हणून मी सव्वीस वर्षं गप्प बसले.

मंगळवारी तुझ्या बायकोचा, शीतलचा फोन आला. रडत होती. तू चित्रं बांधून माळ्यावर टाकलीस, कामावर जात नाहीस, आणि तिला म्हणालास, की तो मायचा हात आहे, ती बोलावतेय, तिला फार दिवस थांबवलं. म्हणून आज लताबाईला बसवलं. आता तिचा हात थांबलाय. तिला म्हटलं, ही ओळ सरळ करू नको, मी बोलते तशीच लिही. ईश्वर, हाऊ हात तुना शे. तुझाच हात तू दाराएवढा काढलास म्हणून तुला ओळखू आला नाही. होता तो भाकरीच्या गोळ्याएवढा. मायला शोधायला तू गेला होतास. हात तू पुढे केला होतास. ती आली नव्हती. त्या पिठाशी तुझ्याशिवाय कुणीच आलं नव्हतं, पाखरूही नाही. माय येऊन गेली ह्याचा तुला आधार होता, तो मी आज काढून घेतेय. खूप राग येईल, येऊ दे. हे वाचून झालं की मला फोन लाव आणि तोंडाला येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही. तुझा आवाज ऐकू आला म्हणजे झालं.

तुझीच,
मोठीमाय भिकुबाई