अकरा वेळा वाचलेलं पत्रक

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण पुरावा हवा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय त्याला आज चौदा दिवस झाले आणि घरात किंवा ऑफिसात एकही माणूस जबाबदारी घ्यायला तयार नाही. माझा संशय तिघांवर. ऑफिसातला नवा एसी, ज्याचं तोंड बरोब्बर माझ्या टेबलाकडे आहे. हिने आणलेली कपड्यांची नवी साबण पावडर, कारण उशीचे अभ्रे त्यातच धुतले जातात. आणि नवी.

नवी म्हणजे डिसेंबरात प्रूफं वाचायला घेतलेली मुलगी. आमच्या प्रेसमध्ये औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं छापली जातात. शेवटची सही माझी. ती झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, बावीस वर्षं. नवीचं टेबल माझ्या समोर, आणि एसीचा रिमोट तिच्याच टेबलावर. बाकी काय लिहायचं?

निश्चय: डोळ्यांचं ऑफिसात कळू द्यायचं नाही.

६ फेब्रुवारी
कळलं. नवीने विचारलं, काका, डोळे लाल दिसताहेत, बरं आहे ना. जागरण झालं म्हणून सांगितलं. इतक्या लांबून तिला लाल दिसतंच कसं? याचा अर्थ ती माझ्यावर लक्ष ठेवून आहे. मग मीही ठेवलं. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, पापणीसुद्धा लवू दिली नाही. तिने संशयास्पद काही केलं नाही, हेच जास्त संशयास्पद. संध्याकाळी डोळ्यांची नुसती आग. एसीच.

७ फेब्रुवारी
शेवटी डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं आणि म्हणाल्या, डोळे कोरडे आहेत. त्या वेळी माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं. ते मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्या म्हणाल्या, कोरड्या डोळ्यांतूनच असं पाणी येतं. उत्तर नसलं की माणसं असंच बोलतात.

मग खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. कागद शाई टिपणारा, कटिंग तिरकं. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, डोळे मिटून गप्प बसा. पट्टी चार मिलिमीटर भिजली. निदान दहा तरी हवी होती म्हणे. मी विचारलं, कुठली फूटपट्टी वापरता? उलट माझ्यावरच आरोप: काम करताना तुम्ही पापण्या मिटत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाला पापणी मिटायला शिकवणार.

ड्रॉप्स दिले, दिवसातून चार वेळा. गरम पाण्याच्या फडक्याने शेक. औषधाच्या दुकानदाराने बजावलं, आतलं पत्रक वाचून मगच सुरू करा. पत्रक उघडलं आणि हसू आलं. खाली आमच्या प्रेसचा नंबर! हे मीच वाचलेलं. एकदा नव्हे, अकरा वेळा. चौथ्या परिच्छेदातला अर्धविरामसुद्धा माझा. आता मी ते काय वाचायचं? घडी घालून कपाटात ठेवलं, चांगल्या कामाचा नमुना म्हणून.

९ फेब्रुवारी
ड्रॉप्स सुरू. फार उंची औषध दिसतंय. थेंब पडला हे कळतही नाही. गार नाही, झोंबत नाही, ओघळत नाही. ही शेजारी उभी होती. म्हणाली, अहो, काही पडलेलं दिसलं नाही, जरा दाबा. मी समजावलं की औषध आहे, लिंबू नाही. नंतर फडक्याने शेक घेतला. तेवढं बरं वाटलं, पण त्याला औषध म्हणता येणार नाही.

१३ फेब्रुवारी
काडीचा फरक नाही. दुसरा डॉक्टर गाठला. पहिल्या बाईंबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणजे निदान स्वच्छ मिळेल. तीच पट्टी. तेच तिरकं कटिंग. तेच निदान, तेच ड्रॉप्स, पापण्यांचा तोच आरोप. दोघे एकाच कॉलेजात शिकलेले असणार. खात्री करायला भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचायला गेलो, तर अक्षरं मुद्दाम पुसट छापलेली.

१६ फेब्रुवारी
जुनी साबण पावडर परत आण म्हणून हिला निक्षून सांगितलं. ही म्हणाली, "अहो, पावडर तीच आहे. पुडक्याचा रंग बदललाय." एक संशयित सुटला. पण सांगताना ही हसली का, ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी
ऑफिसात गेलो तर एसीच्या तोंडाला पुठ्ठा. हवा आता भिंतीकडे जाते. चौकशी केली. नवीने लावला. म्हणे, काका, सगळा झोत तुमच्या तोंडावर येत होता. म्हणजे कबुली! येत होता हे तिला माहीत होतं. मी काही बोलणार त्याच्या आत पुरावा झाकून टाकला. पोरगी पोचलेली आहे.

ता. क.: चार वेळा नेमाने घालूनही ड्रॉप्सची बाटली काठोकाठ भरलेली. काटकसर अंगातच असावी लागते.

२१ फेब्रुवारी
ओळी एकमेकींत शिरतात. दुपारी तर एक आख्खा परिच्छेद हलत होता. तरी सही केली. बावीस वर्षांचा हात आहे, त्याला डोळ्यांची एवढी गरज नाही.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवतो. मी सही केलेली प्रूफं मशीनवर पोचवायला हल्ली नवी स्वतः उठते. राहू द्या काका, मी नेते. एवढा उत्साह कशाला?

२५ फेब्रुवारी, दुपारी ३
सापडली. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर ती माझी सही केलेली प्रूफं घेऊन बसते. हातात भिंग, निळं पेन. डबा शेजारी तसाच. मी दाराआडून चाळीस मिनिटं पाहत होतो. पापणी हलवली नाही.

ती हात धुवायला गेली तेव्हा तिचा ड्रॉवर जरा आवरून दिला. आत एक फाइल. माझ्याच प्रूफांच्या झेरॉक्स, त्यावर निळ्या खुणा. मोजल्या. एकतीस चुका. माझ्या नजरेतून बावीस वर्षांत एकतीस सुटल्या नाहीत, तीन आठवड्यांत कशा सुटतील? उघड आहे: या तिने घातल्या. माझ्या सहीखाली चुका पेरायच्या आणि खुर्ची पटकवायची. डोळ्यांचंही आता लक्षात आलं. संतापाने असं होत असणार.

निश्चय: फाइल थेट साहेबांकडे.

२७ फेब्रुवारी
दिली. स्वतःच्या हाताने.

साहेबांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कॉम्प्युटरवर मूळ मजकूर काढला. एकतीसही चुका मुळात होत्या, मी पाहिल्याच नव्हत्या. मग छापून गेलेली पत्रकं मागवली. त्यांत एकही नाही. नवीला बोलावलं. ती खाली बघत उभी राहिली. म्हणाली, "काकांना बरं नाहीये, सर. बरं वाटेपर्यंत मी फक्त दुसऱ्यांदा बघत होते. कुणाला सांगणार नव्हते."

एक चूक साहेबांनी माझ्यापुढे धरली. 'दोन दिवसांतून एकदा'च्या जागी 'दिवसातून दोनदा'. ती ओळ मला आठवते. मी ती वाचली होती आणि मला बरोबर वाटली होती. कुणीतरी ते बघून गोळ्या घेतल्या असत्या.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळ्यांना काय घेता एवढंच विचारलं. म्हटलं, ड्रॉप्स, उत्तमातले. सोमवारपासून शेवटची सही नवीची, माझे डोळे बरे होईपर्यंत. मला लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणं जमणार नाही.

२ मार्च, सकाळी ११
सही नाही, त्यामुळे वेळ आहे. ड्रॉप्स घालायला मान मागे टाकली, तर बाटलीचं टोक भुवईवर टेकलं. समोरून नवी उठली, म्हणाली, द्या काका, मी घालते. नको म्हणायला तोंड राहिलेलं नाही. दिली बाटली. तिने दाबली. परत दाबली. मग उजेडाकडे धरून, भिंगातून पाहिली.

"काका, हिला भोकच नाहीये."

मी म्हटलं, असं कसं होईल. तिने सांगितलं की झाकणाच्या आत एक टोक असतं. पहिल्यांदा झाकण घट्ट फिरवायचं, म्हणजे ते बाटलीचं तोंड टोचतं. दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं असतं. तुम्ही पत्रक वाचलं नाही का?

म्हटलं, अकरा वेळा.

ती हसली नाही. तिने झाकण फिरवलं. बारीकसा टक् आवाज झाला. मग डाव्या डोळ्यात एक थेंब पडला. गार होता. थोडा झोंबला आणि गालावर ओघळला. तीन आठवड्यांत पहिला. ती म्हणाली, आता मिटा. मी मिटली पापणी.

रात्री ९. घरी येऊन कपाटातून पत्रक काढलं. दुसरी ओळ तिथेच आहे, ठळक अक्षरांत, छपाई निर्दोष. शेवटची ओळही वाचली: बाटली उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरावी. उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.

लिहून ठेवतो. २ मार्च.