समुद्राकडची खिडकी

द हेग, ४ फेब्रुवारी

ती. चित्राआत्यास, अद्वयचा प्रभूत सलाम.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. राजदूतांच्या घरातली ही नोकरी मी सोडतोय. पाहुण्यांदेखत हेंक, आमचा मोठा आचारी, म्हणाला की अर्धं कॉलेज केलेल्याचं सूपही अर्धंच शिजतं. मी अ‍ॅप्रन फेकला आणि त्या स्वयंपाकघरात पुन्हा पाय ठेवणार नाही असं सांगून आलो. परक्यांपुढे मान किती वाकवायची? दानीएल संदेष्टा वाकला होता का?

तूच संडे स्कूलमध्ये शिकवलंस, बाबेलात राहून तो यरुशलेमेकडची खिडकी उघडून गुडघे टेकायचा. मीही टेकतो. समोर समुद्रात सूर्य बुडतो आणि मला आपलं नगर दिसतं, चर्चमध्ये गाणारी जुई दिसते. तिला पाहायला मुलगा येणार म्हणे. मी येतोच.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा अद्वय


अहिल्यानगर, १५ फेब्रुवारी

चि. अद्वयला अनेक आशीर्वाद.

शहाण्या, दानीएलाने राजे बदलले तरी चाकरी सोडली नाही. कामात खोट सापडेना म्हणून वैऱ्यांना त्याची प्रार्थनाच पकडावी लागली. तुझ्यात काय सापडलं? कच्चं सूप!

जुईच्या वडिलांनी त्या मुलाला थांबवलंय. म्हणाले, कॉलेज सोडून पळालेला तुमचा अद्वय एका जागी वर्षभर टिकला, तर बोलू. जुई गीतपुस्तक परत द्यायच्या निमित्ताने येते आणि तुझं पत्र आलं का, हे सोडून सगळं विचारते.

आणि बाळा, सूर्य तुझ्यासमोर मावळतो ना? मग नगर तुझ्या पाठीमागे राहिलं. इतके दिवस तू इंग्लंडसाठी गुडघे झिजवलेस!

आत्याला विसरू नये.

चित्राआत्या


द हेग, २७ फेब्रुवारी

ती. आत्यास सलाम.

मी खूप हसलो, मग रडलो. या घरात नोकरांना पूर्वेची एकच खिडकी आहे. स्वयंपाकघरातली, भांड्यांच्या बेसिनवरची.

गेलो. हेंकची माफी मागितली. त्याने अ‍ॅप्रन पुढे केला. मी खिडकी किलकिली केली तर ओरडला, की थंडीने सूप गार होईल. मी विचारलं, थोडी तरी उघडी ठेवू? तिकडे कोण आहे, म्हणाला. सांगितलं. त्याने पुटपुटत अंगात कोट चढवला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

जुईला सांग, हात साबणात असतात, गुडघे टेकता येत नाहीत. पण तोंड आता तिच्याकडे आहे.

अशीच कान धरत राहा.

तुझा अद्वय