सातव्या वहीतले हात

सोमवार, २९ जानेवारी २००७

पोचले एकदाची. रीडिंगहून दोन गाड्या, मग नॉटिंगहॅमहून बस, आणि बसमध्ये शेवटी ड्रायव्हर आणि मी दोघंच. ब्रॅकनथॉर्प म्हणजे एक चर्च, एक पब आणि मला तीन महिने राहायचंय ते हे दगडी घर. घराच्या ट्रस्टने मला एम्ब्रोझ हॅकबी या डॉक्टरच्या वह्या दुरुस्त करायला बोलावलंय. हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गावचा वैद्य. पोटासाठी नाड्या बघायचा आणि उरलेल्या वेळात बेडूक, भुंगे, पाऊस, पक्षी, जे दिसेल ते टिपून ठेवायचा. बऱ्याच वह्या उंदरांनी खाल्ल्या, अकरा उरल्या. माझी बारा वर्षं जुने कागद सांधण्यात गेली, पण एकाच माणसाच्या अकरा वह्या, त्याही एकटीला, म्हणजे लॉटरीच लागली.

केअरटेकर एलियट सत्तरीचा. बोलायला कंजूष, पण चहा मगभर देतो. रघुवीर ऑफिस सांभाळून लेकीला, सान्वीला, सांभाळतोय. बघू नवरेबुवा किती दिवस टिकतात. शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत ती इकडेच येणार आहे. रोज मराठीत लिहीन असं आईला कबूल केलंय, नाहीतर तुझी भाषा गंजेल म्हणते.

गुरुवार, १ फेब्रुवारी

हॅकबी मला आवडायला लागलाय. पाकोळ्या कोणत्या तारखेला आल्या, शेजारणीच्या खोकल्याला कोणता पाला दिला, सगळं एकाच पानावर. एका पानात भुंग्याचा पंख चिकटलेला सापडला, अजून हिरवा.

एलियटने विचारलं, तुम्ही पांढरे ग्लव्ह्ज का नाही घालत? म्हटलं, तो टीव्हीवाल्यांचा शौक आहे. ग्लव्ह्जमध्ये बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुवायचे आणि उघड्या हातांनी काम करायचं. जवळ पेन नाही, फक्त पेन्सिल. वही सारखी मिटायची नाही, मणका म्हणजे पाठीची शिवण तुटते. उशांवर उघडी ठेवायची. त्याने मान डोलावली, पण त्याला पटलं नसावं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज सातवी वही. या वहीत पक्षी नाहीत, पाऊस नाही, नुसते हात आहेत. प्रत्येक पानावर रोग्याचा हात ठेवून भोवती शाईची रेघ, खाली नोंद. क्षयाचे रोगी असावेत. एकेकाचा हात रोज नव्याने काढलाय आणि रोज तो थोडा बारीक होत गेलाय. मनगटाला दोरा गुंडाळून तो किती लांब भरला तेही लिहिलंय. शेवटच्या हातानंतर एक फुली, मग पुढचा माणूस.

चहा गारच झाला माझा. शेवटची चौदा पानं कोरी आहेत, तीही मोजून नोंदवली.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सकाळी सातवी वही टेबलावर उघडी होती, कोऱ्या पानावर. काल मी स्वतः कपाटात ठेवली होती. एलियटला जरा कडकच बोलले. तो म्हणाला, त्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती. मग मीच विसरले असेन.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. बाकीच्या वह्यांत प्रत्येक रोग्याला काही ना काही औषध आहे. सातवीत कुणालाच नाही. बेडकाला उपाशी ठेवून तो किती दिवस टिकतो हे त्याने तिसऱ्या वहीत लिहिलंय, अगदी त्याच सुरात या माणसांबद्दल लिहिलंय. हा बरं करत नव्हता. नुसता बघत होता.

रविवार, ११ फेब्रुवारी

सान्वी आली. रघुवीर काल सोडून गेला. घर एकदम भरून गेलं. हातात आजीने पाठवलेली चांदीची बांगडी; ती इतकी घट्ट बसलीय की साबण लावल्याशिवाय निघत नाही. एलियटने तिला दोन बिस्किटं दिली आणि चक्क हसला.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं फोनवर होते. सातवी वही उशांवर उघडी, शेजारी माझी पेन्सिल. सगळं नियमाप्रमाणे.

परत येते तर कोऱ्या पानावर सान्वीचा हात. तिच्या वर्गात मदर्स डेच्या कार्डावर असाच हात काढतात, त्याची प्रॅक्टिस केली म्हणे. "सगळे लोकांचा हात आहे आई, माझी पण पाहिजे," असं म्हणाली. मी रागावले, ती रडली. पेन्सिल आहे, निघेल, अशी माझीच मी समजूत घातली. निघाली नाही. खोडरबराने कागद झिजायला लागला तेव्हा थांबले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पेन्सिलीच्या हाताशेजारच्या पानावर दुसरा हात आहे. तपकिरी शाईत. सान्वीचाच, करंगळी तशीच वाकडी. शाई ओली होती, माझ्या बोटाला लागली. खाली हॅकबीचं अक्षर. ते मी दोन आठवडे रोज वाचतेय, चुकणार नाही. मुलगी, वय सहा, वर्ण सावळा, परदेशी असावी. झोप चांगली. मनगटाला दोरा घातला.

सान्वी म्हणाली, झोपेत कुणीतरी मनगटाला गुदगुल्या केल्या.

बुधवार, १४ फेब्रुवारी

तिसरा हात, आणखी बारीक. दूध प्यायली नाही. खीर केली, तीही नको. आंघोळीच्या वेळी बांगडी आपोआप घरंगळली. साबण नाही, काही नाही. मी ती टबातून उचलली आणि तिथेच बसून राहिले.

हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्त नॉर्मल, छाती नॉर्मल. पिकी ईटर असेल, खाण्याचे नखरे, म्हणाले.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

रघुवीर येऊन तिला घरी, रीडिंगला घेऊन गेला. वही दाखवली. त्याला वाटतं मीच काढलंय ते, झोपेत. दोन दिवस आराम कर म्हणाला. मला राग आला नाही, नुसती भीती वाटतेय.

पूर्ण वही पुन्हा वाचली. एका बापाने मुलाचं पान फाडून जाळलं होतं. पुढे हॅकबी लिहितो: मुलगा त्याच दुपारी गेला, निरीक्षण अपुरे राहिले याची खंत वाटते. कुणी दुसऱ्या गावी पळालं, तिथलेही हात रोज उमटलेत. फाडून उपयोग नाही. पळून उपयोग नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

रीडिंगमधलीही नोंद आली. पाचवा हात. रघुवीर फोनवर रडत होता. तिला जिना चढवत नाही.

वहीत एक सापडलं. जोन नावाची मुलगी, नऊ दिवस. दहाव्या दिवशी आईने वहीतल्या मुलीच्या हातावर आपला हात ठेवला. हॅकबी खूश: मोठा हात अधिक सांगतो. जोन घरी जाऊन पेज प्यायली. आईची पानं पुढे नऊ आहेत, मग फुली.

शनिवार, १७ फेब्रुवारी

ठेवला. उघडा हात, स्वच्छ धुऊन. कागद गरम होता.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सान्वीने दोन वाट्या वरणभात खाल्ला. रघुवीर हसत होता, मीही. किती वेळ रडले फोन ठेवल्यावर.

सारखी विचारत होती, मी कशी बरी झाले? म्हटलं, वहीतल्या तुझ्या हातावर मी माझा हात ठेवला ना, म्हणून.

अंगठी सैल झालीय. घरी जाणार नाही. या वहीपाशी दुसरं कुणी येता कामा नये.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सहावा हात, माझा. अंगठी दोऱ्याने बांधली. वही रोज कपाटात. रोज टेबलावर.

एलियट सूप आणतो. त्याने न विचारता रघुवीरला फोन केला. मी आजारी आहे म्हणून.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आठवा. पेन्सिल जड — रघुवीरला म्हटलं, तू ये, तिला आणू नकोस. ती मागून ओरडत होती, मी येणार, मला माहितीये आई कशी बरी होते. तिला माहितीये. मीच सांगितलं —

त्याला परत फोन लावला. उचलत नाही. उद्या सकाळी निघतील, तिला घेऊनच.

रविवार, २५ फेब्रुवारी

कोरं पान एकच राहिलंय. वही उघडी. मिटते, ती उघडते — उचलवत नाही मला —

एलियटला सांगितलं दाराला कडी घाल. त्याला वाटलं तापात बोलतेय.

गाडी आली. खिडकीतून सान्वीचा लाल कोट. एलियट हसून दार —

जिन्यात आहे ती. वर येतेय, आई आई करत. हातमोजे काढून —

सान्वी, हात खिशात ठेव बाळा. हात लावू नको, माझ्या हातावर —