साइडकारमधली सवत

९ सप्टेंबर

साइडकार आली! टेम्पोवाला दारात उतरवून म्हणतो, "काका, हा टब कुठे ठेवू?" पत्रा गंजलेला, गादीत उंदरांनी संसार थाटलेला. पण सांगाडा सरळ आहे. बास, मला तेवढंच हवं होतं.

वडिलांच्या वेळची विलायती मोटारसायकल, तिला साइडकार जोडायची आणि आमच्या हिला बसवून तलावाच्या बांधावर न्यायचं. लग्नानंतर दर रविवारी तिथे जायचो. मागच्या सीटवर बसण्याइतकं बळ आता हिच्या पाठीत नाही. डॉक्टर म्हणाले, "जे करायचं ते लवकर करा." औषधाबद्दल म्हणाले की कशाबद्दल, विचारायचा धीर झाला नाही.

हिने खिडकीतून पाहिलं. "जन्मभर मागे बसवलंत, आता शेजारी. बढती झाली म्हणायची!"

१३ सप्टेंबर

मुलगी आली आणि भडकली. "आईला खुर्चीत धड बसवत नाही, आणि तुम्ही तिला या डबड्यात घालून नेणार? काही वाटतं का, बाबा?" मी खाली वाकून पाना शोधत राहिलो. पाना हातातच होता.

२२ सप्टेंबर

साइडकार जोडायची म्हणजे नुसते चार बोल्ट आवळायचे नसतात. चाकांना सरळ फळ्या लावून ती जुळवायची, मोटारसायकल किंचित बाहेर कलती ठेवायची – आणि हे सगळं आत माणूस बसलेला असताना. रिकामीवर जुळवली तर माणूस बसल्यावर गाडी एकीकडे ओढते. हिला किती वेळ बसवणार? म्हणून पोत्यात वाळू भरली, हिच्या वजनाची. काट्यावर हिला उभी केली नाही. आकडा हिच्या कानावर जायला नको होता. सकाळी हिला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवतो, तेच हात पोत्याला लावले. हातांना कळतं.

हिच्यापासून काही लपतं होय! "कोण बसलीये माझ्या जागेवर?"

"वाळूचं पोतं आहे."

"पोतं कसलं? म्हातारपणी सवत आणलीत की हो!" हसता हसता खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं, पाठ चोळली. हसवायला नको होतं असं वाटलं. मग वाटलं, का नको?

३० सप्टेंबर

सवत जड लागायला लागली. म्हणजे ही हलकी झाली. पोत्यातून डबाभर वाळू काढली, बादलीत ठेवली. फळ्या पुन्हा लावल्या.

४ ऑक्टोबर

साइडकार ओढायची तर इंजिनाला कमी दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं चाक, लागतं. नाहीतर चढावर गाडी मान टाकते. या गाडीचे भाग बनायचे बंद होऊन जमाना झाला. शेवटी सायलेन्सरकडे गेलो. (मित्र. तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव.) त्याने माळ्यावरची तीन खोकी उपसली, प्रत्येक भागाची जन्मकथा सांगितली आणि मग स्प्रॉकेट काढलं. स्वतःच्या गाडीसाठी जपलेलं. म्हणाला, "माझी गाडी काय, तेल गळत पडलीये. विलायती गाडीचं तेल गळायचं थांबलं की समज, तेल संपलं!"

मग एकदम गप्प. सायलेन्सर गप्प! जाताना म्हणाला, "वाळू फार काढू नकोस. आत वजन नसेल तर डाव्या वळणावर साइडकारचं चाक उचलतं."

वाळू मी काढतोय का?

११ ऑक्टोबर

गाढव आहे मी. शतमूर्ख!

मधल्या जोडाचा बोल्ट झिजलेला. इंची आट्यांचा नवा मिळेना, लेथवाल्याकडून करून घ्यायला थांबवेना. डब्यातला मिलिमीटरचा उचलला. दिसायला जुळा भाऊ. दोन आटे लोण्यासारखा गेला. तिसऱ्याला अडला, आणि मी – मी! – पाना आवळला. कर्रकन आवाज, आणि सांगाड्यातले आटे पार खाल्ले गेले. विलायती गाडीला मिलिमीटरचा बोल्ट लावू नये, हे गावभर सांगत आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

एका दिवसाची घाई केली, आता किती दिवस जातील कोण जाणे. आणि दिवस माझे नाहीत, हिचे आहेत. पायरीवर बसून रडलो.

१२ ऑक्टोबर

लेथवाला म्हणाला, "काका, तुम्ही असं केलंत?" मग, "आठवडा लागेल." मी म्हटलं, आठवडा नाहीये रे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मशिनवर चढवलेलं काम उतरवून ठेवलं.

१४ ऑक्टोबर

लेथवाल्याने भोक मोठं करून त्यात धातूचा बुश ठोकून बसवला, बुशच्या आत इंची आटे पाडले. नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. पैसे घेईना.

आज हिने दोनच घास खाल्ले. बादली भरत आली आहे.

१९ ऑक्टोबर

जाऊन आलो!

मुलगी सकाळीच हजर, काखेत दोन दुलया. "मी अजून विरोधातच आहे," म्हणाली आणि साइडकारमध्ये दुलया अंथरायला लागली. ही म्हणाली, "आधी सवतीला उठवा." पोतं बाहेर काढलं. कसं लुळं पडलं होतं. ही बघत राहिली. "अगं बाई, उपाशी मारलीत हो हिला!" मुलगी तोंड फिरवून आत गेली.

तिसऱ्या किकला इंजिन लागलं. हळूहळू गेलो. चौकात डावीकडे वळताना जीव मुठीत धरला होता. चाक हललं, उचललं नाही. बांधावर इंजिन बंद केलं. ही म्हणाली, "मागे बसल्यावर जन्मभर तुमची पाठच बघितली. आज तलाव दिसला." बराच वेळ बसलो. हिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. निघताना म्हणाली, "माझ्यानंतर सवतीला पोटभर घाला. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

२० ऑक्टोबर

ही दिवसभर झोपून. चेहरा शांत आहे. मुलगी राहायला आली.

१७ डिसेंबर

ती गेल्यावर आज पहिल्यांदा गाडी बाहेर काढली. चौकात डाव्या वळणावर साइडकारचं चाक उचललं. ढकलत घरी आणली. बादलीतली सगळी वाळू पोत्यात ओतली, पहिल्या दिवशी होती तेवढी. तोंड शिवलं. उचलून जागेवर बसवली. हातांना ओळख पटली.