एक हजार एक्याऐंशी भोकं

६ नोव्हेंबर, गुरुवार. कंपनीला सुट्टी.
आजपासून घरात शिस्त. वीस वर्षं चाकणच्या कंपनीत लोकांना 'वस्तू जागच्या जागी' शिकवतोय आणि माझ्याच घरात पक्कड फ्रीजवर. डोकंच फिरतं. हॉलच्या भिंतीवर आठ बाय चारचा लाकडी पेगबोर्ड लावणार. एक हजार एक्याऐंशी भोकं, खुंट्या, प्रत्येक हत्याराभोवती रंगवलेली आकृती. बायकोला, चारूला, तीच भिंत हवी आहे. शिलाई मशीन मांडून ब्लाउज शिवायचा धंदा करायचाय म्हणे. लेखी दिलं: ३० तारखेपर्यंत बोर्ड लागला नाही तर भिंत तिची. सहीसाठी पेन शोधण्यात दहा मिनिटं गेली. म्हणूनच बोर्ड हवा.

८ नोव्हेंबर
प्लायवूड लिफ्टमध्ये मावेना. बिल्डरला अक्कल नाही. चार मजले जिन्याने. दुसऱ्या मजल्यावरच्या कौशल्याबाईंच्या दाराचा रंग खरवडला. बाई ओरडल्या. मी बोर्डामागे होतो, दिसलो नसेन.

१३ नोव्हेंबर, सुट्टी
भोकं: एकशे चार. तुटलेले ड्रिल बिट: पाच. हल्ली स्टील म्हणून पत्रा विकतात चोर. शेजारचे नागसेन एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला आहेत. येऊन म्हणाले, राव, भोक जरा तिरपं मारा, खुंटीचं तोंड वर राहायला पाहिजे. मी सांगितलं, मी फाइव्ह-एस को-ऑर्डिनेटर आहे, अख्ख्या कंपनीला शिस्त मी लावतो. ते 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'ने जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर
लाल टॅग मोहीम. तीस दिवस न वापरलेल्या वस्तूला टॅग, मग ती बाहेर. कंपनीत हाच नियम. चारूच्या मशीनला टॅग लावला. मुलगी ऋचा म्हणाली, बाबा, तुमच्या अंगातला कुर्ता परवा त्याच मशीनवर शिवलाय. पोरीला ऑडिट कळत नाही. चारू बोलत नाहीये. नाही तर नाही.

२४ नोव्हेंबर
बोर्ड टेकवून ठेवला, खुंट्या बसवल्या. हातोडी टांगली. घसरली, पायावर पडली. पाना टांगला. घसरला, त्याच पायावर पडला. नागसेन जिन्यात भेटले, माझ्या पायाकडे बघून 'बरं आहे ना?' म्हणाले. मुद्दाम.

२९ नोव्हेंबर
ओव्हरटाइम, तोही लंगडत. भोकं चारशे अकरा. उरली सहाशे सत्तर. उद्या उरकतो.

३० नोव्हेंबर
आजही ओव्हरटाइमला थांबवलं. साहेबाला घरदार नाही. संध्याकाळी आलो तर बोर्ड भिंतीवर. चारूने नागसेनना बोलावलं होतं. तासाभरात लावला म्हणे, लागतील तेवढीच तिरपी भोकं मारून. खुंट्यांवर दोऱ्याची रिळं. कात्री, टेप, सगळ्यांभोवती खडूच्या आकृत्या. खाली मशीन. म्हणजे पद्धत माझीच. तसं मी बोललो. दोघं चहा पीत होते.

तणतणत हत्यारांची पेटी शोधली. बाल्कनीत निघाली. वर लाल टॅग, ऋचाचं अक्षर: 'शेवटचा उपयोग: आठवत नाही. निर्णय: बाहेर.' फॉर्म बिनचूक भरलाय. फक्त मालकाची सही राहिली होती.

पेन लगेच सापडलं. बोर्डवर होतं, त्याच्या आकृतीत.