बांगड्यातला 'बां'

बाबा, तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता दुसरीत आहे आणि तिला वाचता येत नाही. मला हे कळलंच नव्हतं, कारण धडे ती घडाघडा म्हणायची. एकदा सहज मी पुस्तकातलं बदकाचं चित्र हाताने झाकलं आणि खालचा शब्द विचारला. ती नुसती 'ब'कडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बस?" सगळं पाठ होतं, बाबा. अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई घाटकोपरला आहेत. त्या म्हणाल्या, "अक्षरं येतात तिला. पण शब्द कानावर अख्खा गोळा होऊन पडतो. त्यातले आवाज सुटे ऐकू आले नाहीत, तर अक्षर कशाला जोडायचं हे तिला कळणार कसं? थोडे दिवस पुस्तक मिटा. नुसतं बोला, शब्द तोडा, जोडा."

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. रविवारची सकाळ, तुम्ही विळीवर बांगडे कापताय, मी समोर बसलेय. "बांगडो म्हण. आता 'बां' काप. काय रवला?" "गडो!" मी ओरडते. एकदा उत्तर शोधायला मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं, तर केवढे खेकसलात: "बघू नको, आयक!" मला वाटायचं, मी मध्ये लुडबुड करू नये म्हणून तुम्ही मला असं गुंतवता.

मी तेच सुरू केलं. "बांगडा. 'बां' काप. काय राहिलं?" तिने खूप विचार केला. "शेपूट." मला हसू आलं, ती हसली नाही. म्हणाली, "आई, 'ढ' मला वाचता येतो. माझ्या बाकावर लिहिलाय कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडले, बाक पुसून घेतला. नवरा म्हणतो, "अगं, सरळ क्लास लाव ना." मी ऐकलं नाही, रोज शब्द तोडत राहिले. गेल्या रविवारी "गडा" आलं. मग तिने आपणहून पुस्तक उघडलं, चित्र झाकलं आणि बोट ठेवून 'बदक' वाचलं.

पण पुढचा प्रत्येक शब्द तसाच, दमून दमून. हे तुम्हालाच लिहितेय, दुसऱ्या कुणाला सांगवणार नाही. काल ती ओट्यापाशी येऊन वाचायला लागली. "क... म..." आणि परत "क...". मला ऐकवेना. मी मिक्सर लावला. चटणी केव्हाच वाटून झाली होती, बाबा.